शंभर संगणक, एका दिवसापुरते

वर्ष २००७. 'द न्यूयॉर्क टाइम्स'ला आपलं जुनं दप्तर वाचकांसाठी खुलं करायचं होतं. १८५१ ते १९२२ या काळातल्या मजकुरावरचा स्वामित्वहक्क संपलेला होता, त्यामुळे तो फुकट द्यायला हरकत नव्हती. पानं स्कॅनही झालेली होती. घोडं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. एक लेख म्हणजे एक चित्र, असा सरळ मामला नव्हता. एकेक लेख अनेक लहानमोठ्या चित्रांत विखुरलेला होता. कोणी लेख मागितला की तुकडे गोळा करायचे, त्यांचं माप जुळवायचं, जागच्या जागी बसवायचे आणि पीडीएफ करून द्यायची, हा खटाटोप दर वेळी करावा लागणार. त्यापेक्षा सगळ्या लेखांच्या पीडीएफ एकदाच करून ठेवाव्यात असं ठरलं. संग्रहात लेख होते १ कोटी १० लाख आणि चित्रांचा पसारा होता ४ टेराबाइटचा.

तिथल्या एका प्रोग्रॅमरने या कामासाठी नवा संगणक मागितला नाही. त्याने ॲमेझॉनकडून शंभर संगणक भाड्याने घेतले. हे संगणक त्याने कधी पाहिले नाहीत, ते कुठल्या इमारतीत आहेत याच्याशी त्याला कर्तव्यही नव्हतं. चोवीस तासांच्या आत काम उरकलं, दीड टेराबाइट भरतील एवढ्या पीडीएफ तयार झाल्या आणि संगणक ज्याचे त्याला परत गेले. तेव्हा एका संगणकाचं भाडं तासाला १० सेंट होतं. शंभर संगणकांचे चोवीस तास म्हणजे २४० डॉलर. साठवणुकीचे पैसे वेगळे. हेच काम एकट्या संगणकावर सोपवलं असतं तर जवळजवळ शंभर दिवस लागले असते आणि गंमत अशी, की भाडं तेवढंच झालं असतं.

अशा भाड्याच्या संगणकांच्या व्यवहाराला 'क्लाउड' म्हणतात आणि त्याचं निम्मं अर्थकारण या हिशोबात आहे. गावात लग्न निघालं की हजार माणसांच्या पंगतीची पातेली, पराती आणि सतरंज्या कोणी विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणतात, घासून परत करतात. मंडपवाल्यालाही परवडतं, कारण तीच पातेली पुढच्या मुहूर्ताला दुसऱ्या घरी जातात. संगणकांच्या बाबतीत ही साधी गोष्ट घडायला इतकी वर्षं का लागली, हाच खरा प्रश्न आहे.

कारण कल्पना जुनी होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेची शताब्दी १९६१ साली साजरी झाली. त्या वेळच्या भाषणात जॉन मॅकार्थी या संशोधकाने सांगितलं होतं, की उद्या संगणनाची ताकद टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल. जेवढी वापराल तेवढ्याचे पैसे भराल. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि जाळं नावापुरतंही नाही. पुढे जाळं आलं, इंटरनेट आलं. अभियंते कागदावर आकृत्या काढताना आपले दोन संगणक चौकोनांनी दाखवत आणि मधल्या जाळ्याच्या जागी एक ढग काढून मोकळे होत. आत काय चाललंय ते इथे महत्त्वाचं नाही, एवढाच त्या ढगाचा अर्थ. 'क्लाउड' हे नाव त्या आळशी ढगावरून पडलं. पुस्तकं विकणाऱ्या ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची जागा आणि ऑगस्टमध्ये अख्खे संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मॅकार्थीच्या भाषणाला पंचेचाळीस वर्षं झाली होती.

पण भाड्याने शंभर पातेली आणली म्हणून स्वयंपाक शंभरपट लवकर होत नाही. त्यासाठी काम वाटून देता यावं लागतं.

काम वाटण्याची वेळ आली ती नाइलाजाने. अनेक वर्षं संगणकाचा वेग आपोआप वाढत होता. प्रोग्रॅम संथ चालत असेल तर दोन वर्षं थांबा, नवी चिप येईल आणि तोच प्रोग्रॅम पळू लागेल, असा तो सुखाचा काळ. २००४ च्या सुमाराला तो संपला. चिपच्या अंतर्गत घड्याळाचा वेग आणखी वाढवला तर ती इतकी तापायची की थंड करणंच अशक्य. इंटेलने त्या वर्षी आपली पुढची वेगवान चिप बनवण्याचा बेत सोडून दिला आणि एकाच चिपमध्ये दोन-दोन गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, बसवण्याची वाट धरली. डिस्कचं दुखणं तर आणखी जुनं. सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचणारी डिस्क घेतली तर एक टेराबाइट नुसता वाचून काढायला पावणेतीन तास जातात. विचार करणं पुढेच राहिलं. तोच टेराबाइट शंभर डिस्कवर पसरून ठेवला आणि सगळ्या एकदम वाचू लागल्या, तर शंभर सेकंदांत काम होतं.

वाटणी कशी करायची हे समजून घ्यायला संगणक लागत नाही. मतमोजणी पुरेशी आहे. विधानसभा मतदारसंघाच्या मोजणीला सर्वसाधारणपणे चौदा टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राचं यंत्र येतं, तिथले कर्मचारी कोणाला किती मतं पडली ते लिहितात, चौदा टेबलांचे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातात, बेरीज होते आणि एक फेरी जाहीर होते. तीन नंबरच्या टेबलाला नऊ नंबरच्या टेबलाशी बोलावं लागत नाही. मोजणीचा वेग आहे तो या न बोलण्यात. मतपत्रिकांच्या जमान्यात तर ही रचना आणखी उघडी दिसे. पेटी उघडायची, एकेक मतपत्रिका पाहून ज्या त्या उमेदवाराच्या खणात टाकायची, मग त्या त्या उमेदवाराचे गठ्ठे एका जागी आणायचे आणि मोजायचे. शिक्का पाहणं वेगळं, गठ्ठे एकत्र आणणं वेगळं, मोजणं वेगळं.

हे तीन टप्पे गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली एका शोधनिबंधात मांडले. पहिल्याला त्यांनी मॅप म्हटलं, शेवटच्याला रिड्यूस. मधली गठ्ठ्यांची हलवाहलव यंत्रणेने आपणहून करायची. ही दोन नावं त्यांनी लिस्प या संगणकभाषेतून उचलली होती. आणि लिस्प कोणाची? पुन्हा जॉन मॅकार्थीचीच, १९५८ सालची. संगणक भाड्याने द्यावेत ही कल्पना आणि कामाची ही वाटणी, दोन्हींचे धागे त्या एका माणसापाशी जाऊन पोचतात, हे मॅपरिड्यूस वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

गूगलची गरज काय होती? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: अमुक शब्द, पानं १२, ४०, ९५. गूगलला तशीच सूची साऱ्या इंटरनेटची करायची होती. मॅपच्या टप्प्यात प्रत्येक संगणक आपल्या वाट्याची वेबपानं वाचतो आणि 'हा शब्द, हे पान' अशा चिठ्ठ्या पाडतो. मग एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या, त्या कुठल्याही संगणकावर पडलेल्या असोत, एका ठिकाणी जमा होतात. रिड्यूसच्या टप्प्यात त्यांची यादी होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं, की चिठ्ठी कशी पाडायची आणि यादी कशी करायची. संगणक दहा आहेत की हजार, याची फिकीर यंत्रणेने करायची.

त्या निबंधातला वाचण्यासारखा भाग मात्र वेगाचा नाही, बिघाडाचा आहे. गूगलने भारी, न बिघडणारे संगणक घेतलेच नव्हते. साधे, बाजारात मिळणारे संगणक रांगांनी उभे केले होते. असे हजारो संगणक एकत्र असले की त्यांतला कुठला तरी रोज मरणारच. म्हणून बिघाड हा अपवाद न धरता रोजचा खर्च धरला. माहितीचा प्रत्येक तुकडा तीन वेगवेगळ्या संगणकांवर ठेवायचा. काम वाटणारा एक मुकादम संगणक सगळ्यांना अधूनमधून हाक मारणार. ज्याची ओ आली नाही, त्याचं काम दुसऱ्याला देणार.

ते किती चाललं, याचे आकडे निबंधात आहेत. सुमारे १८०० संगणकांवर एक टेराबाइट माहिती, म्हणजे शंभर-शंभर बाइटच्या १००० कोटी नोंदी, क्रमाने लावायला ८९१ सेकंद लागले. मग त्यांनी मुद्दाम घातपात केला. काम ऐन रंगात आलेलं असताना १७४६ कामकरी प्रोग्रॅमपैकी २०० ठार केले. काम थांबलं नाही. ९३३ सेकंदांत पूर्ण झालं. दोनशे गडी मध्येच गेले आणि उशीर झाला तो पाऊण मिनिटाहूनही कमी!

मेलेल्या संगणकापेक्षा रेंगाळणारा संगणक जास्त छळतो. मतमोजणीच्या केंद्राबाहेर उभ्या राहिलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हे पटेल: तेरा टेबलं मोकळी होऊन बसलेली आणि चौदाव्यावर एका प्रतिनिधीने हरकत घेतलेली; फेरी काही जाहीर होत नाही. गूगलकडे एखादी डिस्क अर्धवट खराब व्हायची, बंद पडायची नाही, पण सेकंदाला ३० मेगाबाइट वाचायची ती १ मेगाबाइटवर यायची. यावरचा तोडगा जरा उधळपट्टीचा वाटतो. काम संपत आलं की उरलेल्या तुकड्यांची कामं मुकादम दुसऱ्याही संगणकांना देऊन ठेवतो; दोघांपैकी ज्याचं आधी होईल ते घ्यायचं, दुसऱ्याचं फेकून द्यायचं. ही सोय बंद करून पाहिली तेव्हा ८९१ सेकंदांचे १२८३ झाले. शेवटच्या दोन-चार आळशांमुळे सगळ्या अठराशेंचा वेळ ४४ टक्क्यांनी वाढला.

गूगलने निबंध छापला, प्रोग्रॅम दिला नाही. तो डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी निबंध वाचून स्वतः लिहिला आणि कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला. नाव ठेवलं हडूप. कटिंगच्या लहान मुलाकडे एक पिवळा कापडी हत्ती होता, त्याचं हे नाव. अर्थ काहीच नाही. याहू कंपनीने त्याला बळ दिलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शंभर संगणकांवरही हा हत्तीच राबत होता.

इथवर वाचून असं वाटेल की आता फक्त संगणक वाढवत जायचं. तसं नाही. जीन ॲमडाल या आयबीएमच्या अभियंत्याने १९६७ सालीच बोट ठेवलं होतं, की कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेळ ठरवतो. समजा एक काम वीस तासांचं आहे आणि त्यातला एक तास असा, की तो एकानेच करावा लागतो. शंभर संगणक लावले तर उरलेले एकोणीस तास साडेअकरा मिनिटांवर येतील. एकूण एक तास साडेअकरा मिनिटं. हजार लावले तर एक तास आणि मिनिटभर. दसपट पैसे घालून दहा मिनिटं वाचली. लाख संगणक लावा, तो एक तास हलणार नाही.

शिवाय काही कामांत टेबलांना एकमेकांशी बोलावंच लागतं. हवामानाचा अंदाज हे त्याचं ठळक उदाहरण. वातावरणाचे चौकोन पाडले आणि एकेक चौकोन एकेका गाभ्याला दिला, तरी पुण्यावरच्या चौकोनात पुढच्या काही मिनिटांत काय होणार हे शेजारच्या चौकोनातला वारा आणि दाब कळल्याखेरीज सांगता येत नाही. दर पावलाला सगळ्यांनी शेजाऱ्याशी बोलायचं आणि सगळे बोलून होईपर्यंत थांबायचं. अशा कामाला संगणकांमधली वाटच अतिवेगवान लागते. म्हणून पुण्याच्या पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक बसवला गेला.

पुण्याचं आणि समांतर संगणनाचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. मागितलेला मिळाला नाही. त्यापेक्षा कमी ताकदीचा, तोही फक्त हवामानाच्या कामासाठी आणि कडक अटींवर मिळाला. मग १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. क्रेसारखा एकच अचाट प्रोसेसर बनवणं हाताबाहेरचं होतं. सीडॅकने ट्रान्सप्युटर नावाच्या लहान ब्रिटिश चिपा घेतल्या. प्रत्येक चिपेला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार वाटा होत्या. त्या एकमेकींना जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. नावात 'परम' आहे आणि इंग्रजीतल्या 'पॅरलल मशीन'ची आद्याक्षरंही. मोठा बैल मिळत नसेल तर लहान बैलांची लांब जोडणी करायची, हा विचार गूगलच्या निबंधाआधी तेरा वर्षं पुण्याच्या गणेशखिंडीत प्रत्यक्षात आला होता. आपल्याकडे 'परम'ची आठवण अभिमानाने काढली जाते, पण तो समांतर होता हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं, आणि खरी हुशारी तर त्यातच होती.

प्रचंड माहितीचं भारतातलं सर्वांत मोठं उदाहरणही महाराष्ट्रात सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. एका माणसाला दोन क्रमांक मिळता कामा नयेत, ही आधारची मूळ अट. म्हणजे नवीन माणूस आला की त्याच्या दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहायची. यादीत ६० कोटी लोक असताना एका दिवसात १० लाख नवे आले, तर ताडून पाहण्याच्या जोड्या होतात ६ कोटी कोटी. सहावर चौदा शून्यं. हे एका यंत्राचं काम नाही. पण वाटणीला ते फार सोयीचं आहे: जुनी यादी तुकडे करून अनेक संगणकांवर ठेवायची, नव्या माणसाचे ठसे सगळ्यांकडे पाठवायचे आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं उत्तर द्यायचं, सापडला किंवा नाही सापडला. पुन्हा तीच मतमोजणी. फरक एवढाच, की इथे संगणक भाड्याचे नाहीत, आधार प्राधिकरणाच्या स्वतःच्या केंद्रांतले आहेत. वाटून काम करणं आणि भाड्याने काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्या अनेकदा जोडीने येतात म्हणून त्यांची गल्लत होते.

भाड्याच्या संगणकांना पत्ता असतो, हेही 'क्लाउड' या हवेशीर नावामुळे विसरायला होतं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या केंद्रात बिलिंगची एक यंत्रणा संथ चालत होती. ती तपासताना काही सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञा टाइप करताना चूक झाली आणि ठरवल्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले. साठवणुकीच्या सेवेचा कणाच त्यात होता. तो पुन्हा उभा करायला सुमारे चार तास लागले आणि तेवढा वेळ असंख्य संकेतस्थळं लंगडत राहिली. कुठली सेवा बंद आहे हे सांगणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही त्याच साठवणुकीवर विसंबून होता, त्यामुळे तोही बदलता येईना. सगळं बंद आणि फलकावर सगळं हिरवं! आपला एक सर्व्हर बिघडला तर आपली एक कचेरी थांबते. मंडपवाल्याची गोदामाची किल्ली हरवली तर त्या मुहूर्तावरची सगळीच लग्नं खोळंबतात.

महाराष्ट्रात हा ढग ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात जमिनीवर उतरलेला दिसतो. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि या उद्योगाला लागणारी अखंड वीज इथे मिळते, म्हणून डेटा सेंटरं इथे गोळा झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईतून भाड्याची सेवा सुरू केली, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईतून, गूगलने २०१७ मध्ये. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ज्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात, ज्यांच्या अंगणात डिझेल जनरेटरांची रांग असते आणि शीतयंत्रांची घरघर थांबत नाही, त्यांतल्या बऱ्याच याच जातीच्या. आत माणसं थोडी आणि कुलूपबंद कपाटं फार.

एवढं सगळं झाल्यावर एक उलटा मुद्दा. गूगलच्या २००४ च्या चाचणीतल्या प्रत्येक संगणकाची मेमरी ४ गिगाबाइट होती. आज मध्यम किमतीच्या फोनला त्याहून जास्त असते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे ते ४ टेराबाइट आता खिशातल्या डिस्कवर मावतात. क्लाउडमध्ये काही टेराबाइट मेमरी असलेला एकटा संगणकही भाड्याने मिळतो, म्हणजे ज्या टेराबाइटसाठी अठराशे संगणक जुंपले होते तो आता एकाच्या डोक्यात बसतो. गूगलनेच २०१४ साली जाहीर सांगून टाकलं, की आपण मॅपरिड्यूस आता वापरत नाही. त्याहून लवचिक साधनं घडवली आहेत. तरीही 'बिग डेटा' हा शब्द ऐकून भाड्याच्या संगणकांची फौज उभी करणाऱ्या कंपन्या कमी नाहीत, आणि त्यांतल्या कित्येकांची माहिती एका बऱ्या लॅपटॉपवर निवांत बसली असती.

तेव्हा आधी आपली माहिती किती आहे ते मोजा, मग तिचं काम एकमेकांशी न बोलता वाटता येतं का ते पाहा. शंभर संगणक खरोखरच लागणार असतील तर जरूर घ्या, आणि काम झाल्यावर ते आठवणीने बंद करा. संगणक राबतोय की नुसता बसलाय, हे भाड्याचं मीटर बघत नाही.